चातुर्मासातलं ग्राफिक्स कार्ड

आषाढी एकादशी झाली की आमच्या धंद्याला चार महिने कुलूप. अगदीच कुलूप नाही म्हणा. हल्ली काढीव मुहूर्तावर एखादं लग्न लागतं, बारसं, डोहाळजेवण, पतसंस्थेची वार्षिक सभा असं किरकोळ चालूच असतं. पण सीझन संपलेला असतो. तुळशीची लग्नं लागेपर्यंत राहिलेले व्हिडिओ संपवायचे, उधारी गोळा करायची आणि सामानात काय बदलायला झालंय ते बघायचं. २०२४ च्या चातुर्मासात माझा कॉम्प्युटर बंद पडला नव्हता, पण त्यानं मला बंद पाडायची वेळ आणली होती.

मी कराडला लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. शूटिंगही करतो, पण पोट भरतं ते एडिटिंगवर, कारण आसपासच्या चार-पाच फोटोग्राफर मंडळींचं कामही माझ्याकडेच येतं. मशीन २०१९ मध्ये जुळवून घेतलेलं: आय-फाइव्ह ९४००एफ प्रोसेसर आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ४ जीबी मेमरीचं. फुल एचडीच्या काळात त्यानं निमूट काम केलं. मग लोकांना ‘सिनेमॅटिक’ पाहिजे झालं, मी सोनीचा ए-सेव्हन फोर घेतला, आणि सुरू झाली रडारड.

तक्रारी दोन होत्या. पहिली अशी की रात्रीच्या रिसेप्शनचं फुटेज, मागे एलईडी वॉल, पुढे अंधार, त्यावर नॉइज रिडक्शन, म्हणजे चित्रातले दाणे पुसायची सोय, लावलं की माझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर रिझॉल्व्ह पाटी दाखवायचं: ‘जीपीयू मेमरी इज फुल’, कार्डाची मेमरी भरली. दुसरी जास्त छळणारी. टाइमलाइनवर क्लिप चालायचीच नाही. नवरदेवानं हार वर उचलला की चित्र थिजायचं, आणि पुन्हा हलायचं तेव्हा हार नवरीच्या गळ्यात पडलेला असायचा. नेमका हार पडतानाचा क्षण, ज्यावर मला गाण्याचा ठेका बसवायचा, तोच गायब. म्हणून मग प्रॉक्सी करायच्या, म्हणजे प्रत्येक क्लिपची हलकी नक्कल. हा कॅमेरा ४के ५० फ्रेमला २०० एमबीपीएसनं लिहितो. तासाला साधारण ९० जीबी. हळद, साखरपुडा, लग्न, रिसेप्शन धरून दोन कॅमेऱ्यांच्या प्रॉक्सी करायच्या तर अख्खी रात्र जायची.

दोन्ही दुखण्यांचं खापर मी कार्डावर फोडलं. ४ जीबीचं जुनं कार्ड, दुसरं काय असणार? बजेट ठरवलं सव्वा लाख, त्यातले ५५ हजार कार्डाला. आणि विचारायला सुरुवात केली. ही माझी पहिली चूक, कारण कार्ड या विषयावर मत नसलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही.

भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, “मामा, डोळे झाकून ४०७० घे.” त्याच्या सगळ्या तुलना गेममध्ये किती फ्रेम मिळतात यावर. मी गेम खेळत नाही म्हटल्यावर तो थोडा हिरमुसला. त्याच्या ‘घे’मध्ये ‘सुट्टीत मी येईन तेव्हा’ हे अध्याहृत होतं. कोल्हापूरचा एक मित्र, तोही याच धंद्यातला, म्हणाला, “एक कशाला, दोन घे. जुनी ३०६० दोन मिळतील त्या पैशात. दोन बैल जास्तच ओढणार.” तिसऱ्यानं सांगितलं की क्रिप्टो मायनिंगवाल्यांची वापरलेली ३०८० कवडीमोलानं मिळतायत, मुंबईला जा.

दोन कार्डांची कल्पना मला फार आवडली होती, हे कबूल करतो. कॅबिनेटच्या काचेतून एकाखाली एक दोन कार्डं दिसतायत, गिऱ्हाईक बघतंय, असं चित्रही डोळ्यांपुढे आलं. चार रात्री वाचन केल्यावर ते विरघळलं. गेमसाठी दोन कार्डं जोडायची एसएलआय पद्धत ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हीडियानं जवळपास गुंडाळलीच आहे. २०२१ पासून तिचे नवे प्रोफाइल देणं बंद झालं. रिझॉल्व्हची विकतची स्टुडिओ आवृत्ती दोन कार्डं वापरते, हे खरं. कामाची वाटणी होते आणि रेंडर लवकर उरकतो. पण मेमरीची बेरीज होत नाही. ८ जीबीची दोन कार्डं म्हणजे १६ जीबी नव्हे. प्रत्येक कार्डाला आपल्या वाटणीची फ्रेम आणि तिच्यावरचे सगळे सोपस्कार आपल्याच मेमरीत मावून घ्यावे लागतात. दोन छोटे हॉल भाड्यानं घेतले म्हणून हजाराची पंगत एकदम बसत नाही, तसंच. शिवाय मला परवडणाऱ्या मदरबोर्डांवर दुसरा लांब स्लॉट दिसायला लांब, पण आत तारा चारच लेनच्या, म्हणजे माहिती जायची वाट अरुंद. आणि दोन कार्डांची उष्णता कराडच्या एप्रिलमध्ये, पत्र्याखालच्या खोलीत. राहू दे म्हटलं.

खरी कलाटणी मिळाली ती भाचा रविवारी घरी आला तेव्हा. जेवण झाल्यावर तो मशीनसमोर बसला आणि म्हणाला, “मामा, अडकतं ते दाखव.” मी वरमालेची क्लिप लावली. त्यानं शेजारी टास्क मॅनेजर उघडला. तिथे कार्डाच्या पानावर चार छोटे आलेख असतात, त्यातला एक ‘व्हिडिओ डीकोड’, म्हणजे व्हिडिओ उलगडायचं काम. क्लिप गचके खात चालली होती, प्रोसेसरचा आलेख छताला टेकला होता, आणि व्हिडिओ डीकोड? शून्य. सपाट रेघ. कार्डाचा एकूण वापर वीस टक्क्यांच्या आतबाहेर.

“कार्ड तर झोपलंय,” तो म्हणाला.

मग फोनवर काढलेली एक क्लिप लावली. डीकोडची रेघ टुणकन वर गेली, प्रोसेसर निवांत, चित्र लोण्यासारखं. पुन्हा कॅमेऱ्याची लावली, रेघ पुन्हा आडवी.

म्हणजे कार्ड जुनं म्हणून मागे पडत नव्हतं. त्याला ती लिपीच वाचता येत नव्हती. फोन आणि बहुतेक सगळं जग ४:२:० मध्ये व्हिडिओ लिहितं: उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक बिंदूची, पण रंगाची माहिती चार बिंदूंत मिळून एक. माझा कॅमेरा ४:२:२ मध्ये, १० बिटचं लिहितो. रंगाची माहिती दुप्पट. हळदीचा पिवळा, शालूचा जांभळा आणि त्यातून चेहऱ्याचा रंग वेगळा काढायचा तर ही जादा माहिती फार उपयोगी पडते, म्हणूनच मी ती सेटिंग ठेवली होती. पण एनव्हीडियाच्या कार्डांत व्हिडिओ उलगडायचा जो स्वतंत्र भाग असतो, तो तेव्हा बाजारात असलेल्या कुठल्याही कार्डात ४:२:२ घेत नव्हता. १६५० मध्ये नाही, ३०६० मध्ये नाही, भाच्याच्या लाडक्या ४०७० मध्येही नाही आणि दीड-दोन लाखांच्या ४०९० मध्येही नाही. ते सगळं ओझं प्रोसेसरच्या डोक्यावर पडतं.

माझा कॅमेरा व्हिडिओ दाबून लिहितो त्या पद्धतीचं नाव एच.२६५. तिचं ४:२:२ वाचता येतं ते इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सला. तेच ग्राफिक्स, ज्याला दुकानदार ‘ऑनबोर्ड, काही कामाचं नाही’ म्हणतात. आणि ते नको असेल तर दोनेक हजार वाचवायला ज्याच्या नावापुढे ‘एफ’ असतो असा प्रोसेसर मिळतो. माझा जुना ९४००एफ. २०१९ मध्ये ते दोन हजार वाचवल्याचा मला केवढा आनंद झाला होता!

भाचा संध्याकाळच्या एसटीनं गेला. जाताना “तरी ४०७० चांगलंच आहे” असं म्हणून गेला.

श्रावणात एका रात्री मुंबईची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली. सकाळी दादरला उतरून स्लो लोकलनं ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडची कॉम्प्युटरची दुकानं अकराशिवाय नीट उघडत नाहीत. तोवर मेरवानमध्ये चहा आणि मावा केक. रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावानं पत्ता विचारलात तर समोरचा आधी तुमच्याकडेच बघतो. सोबत नेल्या होत्या तीन गोष्टी: एसएसडीवर माझ्या स्वतःच्या चार क्लिपा, रिझॉल्व्हचं इन्स्टॉलर, आणि स्टुडिओ आवृत्तीची पेनड्राइव्हसारखी चावी, जी लावली की कुठल्याही मशीनवर पूर्ण आवृत्ती चालते.

आधी हौस म्हणून जुन्या कार्डांकडे गेलो. जिना चढून वर एक खोली, भिंतीला रॅक, रॅकवर बबलच्या पिशव्यांत कार्डं, सासरी पाठवणीच्या साड्या रचाव्यात तशी. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनानं कार्डांवरचं मायनिंगच बंद केलं आणि जगभरातली अशी कार्डं बाजारात आली. विकणारा म्हणाला, “एकहाती आहे, गेमिंगचंच.” मोटरसायकल विकताना म्हणतात अगदी तसं. मी टॉर्च मारला. फिनच्या कडेला थर्मल पॅडमधून पाझरलेला तेलाचा चिकट थर, स्क्रूच्या खाचा झिजलेल्या, आणि स्क्रूवरचं वॉरंटीचं स्टिकर दोनापैकी एकच. पंखा बोटानं फिरवला तर एका जागी किंचित घासत होता. सगळीच तशी नसतील, चांगलीही मिळतात. पण ३०८० ओढतं ३२० वॉट आणि त्याची मेमरी १० जीबी. माझ्या कामाला मेमरी पाहिजे होती, ताकद नव्हे. नमस्कार करून खाली उतरलो.

खालच्या ज्या दुकानात शेवटी घेतलं, तिथला शेठ सुरुवातीला वैतागला. “भाऊ, कार्ड घ्यायला आलात की शूटिंग दाखवायला?” पण सकाळची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. डेमो मशीनवर ४०७० होतं, प्रोसेसर एफवाला. क्लिप लावली. माझ्या मशीनपेक्षा बरी चालली, प्रोसेसर नवा होता, पण वरमालेशी आली आणि अडखळलीच. दोन क्लिपा एकावर एक ठेवल्या तर बसलीच. शेठला ते पटेना. ५५ हजारांचं कार्ड आणि लग्नाची क्लिप चालत नाही? त्यानं स्वतः दोनदा लावून बघितली.

मी म्हटलं, “शेठ, तुमच्या बिलाच्या मशीनवर लावू का?”

काउंटरवरचं ते मशीन म्हणजे आय-फाइव्ह १२४००, कार्ड नाहीच, वर गणपतीचा छोटा फोटो चिकटवलेला आणि कीबोर्डवर खडीसाखरेचे कण. रिझॉल्व्ह टाकायला वीस मिनिटं गेली, तेवढ्यात त्यानं दोन पेनड्राइव्ह आणि एक राउटर विकला. टाइमलाइन फुल एचडी ठेवली, रंगकाम काहीच नाही, नुसती क्लिप. हार वर गेला. हार खाली आला. पाकळ्या सुटल्या त्या एकेक दिसल्या. एखाददुसरा झटका बसला असेल, पण बिलाच्या मशीननं डेमोच्या मशीनला हरवलं होतं. शेठ काही बोलला नाही. आतल्या पोऱ्याला दोन कटिंग सांगितले, त्यावरून मी समजायचं ते समजलो.

पुढचं भराभर झालं. प्रोसेसर आय-सेव्हन १२७००, एफ नसलेला. त्यात यूएचडी ७७० ग्राफिक्स, ज्यात व्हिडिओ उलगडणारी दोन इंजिनं असतात. १२४०० मध्ये एकच. १३वी-१४वी पिढी का नाही असं शेठनं विचारलं, पण तेव्हा त्या प्रोसेसरांना जास्त व्होल्टेज जाऊन ते बिघडत असल्याचं इंटेलनंच नुकतं मान्य केलं होतं. १२वी पिढी त्या भानगडीत नव्हती, आणि स्वस्तही होती.

राहिलं कार्ड. आता त्याच्याकडून एकच मागणं होतं: नॉइज रिडक्शन आणि रंगकाम मेमरी न भरता करावं. तीन समोर ठेवली. ४०६० मध्ये ८ जीबी, ४०७० मध्ये १२, आणि २०२१ सालचं जुनंपुराणं ३०६०, त्यातही १२. ३०६० तेव्हा २६-२७ हजारांना नवं मिळत होतं, ४०७० त्याच्या दुप्पट. ४०६० Ti चं १६ जीबीचं कार्डही होतं, पण ते ४५ च्या पुढे, आणि त्याची मेमरीची वाट अरुंद, १२८ बिटची. ३०६० ची १९२. रिसेप्शनच्या क्लिपवर मी ३०६० आणि ४०७० दोन्ही चालवून बघितली. ४०७० जवळपास निम्म्या वेळात रेंडर करायचं, यात शंकाच नाही. पण मेमरीची पाटी दोघांवरही आली नाही. आणि माझे मोठे रेंडर रात्री झोपताना लावलेले असतात. एक वाजता संपला काय आणि अडीचला संपला काय, मी उठणार सहाला.

३०६० घेतलं. पक्क्या बिलावर, कारण १८ टक्के जीएसटीची वजावट मला मिळते, आणि वॉरंटीचा प्रश्न आला तर बिल हातात असलेलं बरं. वाचलेल्या पैशांत ६४ जीबी रॅम आणि २ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान डिस्क. भाच्याला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे जरा शांतता होती. “बारा जीबी आहे ना, मग ठीक आहे,” म्हणाला. मोठं मन लागतं असं म्हणायला.

घरी येऊन जुळवणी केली. मशीन पहिल्या बटणात सुरू झालं. रिझॉल्व्ह टाकलं, क्लिप लावली, आणि हार हवेतच थिजला.

तो अर्धा तास मी विसरणार नाही. बायको दारात उभी राहून म्हणाली, “चालतंय ना?” मी म्हटलं, “चालतंय.” टास्क मॅनेजर उघडला तर तिथे एकच कार्ड, ३०६०. यूएचडी ७७० चा पत्ताच नाही. क्षणभर वाटलं शेठनं एफ गळ्यात मारला की काय. खोका उलटून बघितला, एफ नव्हता. भाच्याला व्हिडिओ कॉल. तो हसायला लागला. बाहेरचं कार्ड बसवलं की बरेच मदरबोर्ड अंगचं ग्राफिक्स आपणहून बंद करतात. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ नावाची ओळ शोधायची, ती ‘डिसेबल्ड’वरून ‘एनेबल्ड’ करायची, परत येऊन इंटेलचा ड्रायव्हर टाकायचा, आणि मग रिझॉल्व्हच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘डीकोड ऑप्शन्स’खाली इंटेल क्विक सिंकवर, म्हणजे अंगच्या ग्राफिक्सकडून व्हिडिओ उलगडून घ्यायच्या सोयीवर, टिक आहे ना ते बघायचं. मॉनिटरची वायर ३०६० लाच ठेवायची. इतकंच. पण हे कुठल्याही खोक्यावर लिहिलेलं नाही, आणि सव्वा लाख घालून हे न करता प्रॉक्सी बनवत बसलेले लोक मी नंतर दोन बघितले.

पुन्हा सुरू केलं. टास्क मॅनेजरमध्ये आता दोन नावं. क्लिप लावली, इंटेलच्या पानावर डीकोडची रेघ चढली, एनव्हीडियाच्या पानावर रंगकामाची. दोघांनी काम वाटून घेतलं होतं. कोल्हापूरच्या मित्राला फोन करून सांगितलं, बैल दोनच आहेत, फक्त एक फुकटचा आहे.

एक गोष्ट मी हिशोबात धरलीच नव्हती. मशीनला जुना ६०० व्हीएचा यूपीएस, म्हणजे जेमतेम ३६० वॉट. गौरी-गणपतीच्या दिवसांत रेंडर चालू असताना लाईट गेली आणि यूपीएसनं शिटी मारून सरळ मान टाकली. प्रोसेसर जोरात असला की १८० वॉट, कार्ड १७०, वर मॉनिटर. बेरीज मी दुकानातच करायला हवी होती. नवा यूपीएस घेतला आणि बजेटच्या वर गेलो ते तिथे.

तुळशीचं लग्न झालं, सीझन सुरू झाला. पहिल्याच लग्नात माझ्या कॅमेऱ्याच्या क्लिपा पळतायत आणि दुसऱ्या कॅमेरामनच्या तशाच गचके खातायत. कॅमेरा तोच, मॉडेल तेच. फाइल उघडून बघितली. हा पठ्ठ्या कॅमेऱ्याच्या एक्सएव्हीसी एस या फाइल प्रकारात शूट करत होता, म्हणजे एच.२६४ या जुन्या पद्धतीत. त्याचं ४:२:२ माझ्या इंटेललाही वाचता येत नाही, एच.२६५ चं येतं, जे एक्सएव्हीसी एचएस मध्ये असतं. त्याला फोन केला. तो ओगलेवाडीत कुणाच्या तरी हळदीत उभा होता, मागे हलगी. मेनू, फाइल फॉरमॅट, एचएस 4के, सांगितलं. “झालं,” म्हणाला. खर्च शून्य रुपये.

जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीडियानं ५० मालिकेची कार्डं जाहीर केली. त्यात ४:२:२ वाचणं आलं, एच.२६४ आणि एच.२६५ दोन्हीचं. कोल्हापूरच्या मित्राचा त्याच दिवशी फोन. “तरी म्हणत होतो, सहा महिने थांब.” तो असं कधीच म्हणाला नव्हता. मी त्या वेळी मलकापूरच्या एका लग्नाची कानपिळी लावत होतो. नवरीचा भाऊ कान पिळतोय, नवरदेव ओरडतोय, आणि एकही फ्रेम गळत नव्हती.

“मग घेणार का नवं?” त्यानं विचारलं.

म्हटलं, आषाढी होऊ दे, मग बघू.